टक्का घसरला म्हणजे शाळा घसरली?

प्रश्न: मुलीच्या सरकारी प्राथमिक शाळेचा निकाल ८० टक्क्यांवरून ७० वर आला. घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं वाढली म्हणून, असं इतर पालक म्हणतात. शाळा बदलू का?

उत्तर: एवढ्यावरून? मुळीच नको. वर्गात वीसच मुलं असतील, तर दोघं मागे पडली की दहा टक्के गेले! अमेरिकेतल्या शाळांच्या मोठ्या पाहणीत, १९६६ च्या कोलमन अहवालात दिसलं, की गुणांमधल्या फरकाचा संबंध शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त असतो. म्हणजे नुसत्या टक्क्यात आपण बरेचदा पालकांची कमाईच मोजतो. मी शिकवत असताना माझ्या वर्गात जूनमध्ये अक्षरं जुळवणारं मूल मार्चपर्यंत गोष्ट वाचू लागायचं. निकालात मात्र ते मागेच. मुख्याध्यापकांना विचारा, हीच मुलं गेल्या वर्षी अभ्यासात कुठवर होती, आणि आता कुठवर आली?