प्लॅनिंगला नवीन लागलेल्यासाठी: आधी लाइनवर उभा राहा

बुटीबोरीच्या रस कारखान्यात प्लॅनिंगला लागलायस ना, मग पहिला आठवडा एक्सेल बाजूला ठेव आणि लाइनवर उभा राहा. समज, धुण्याचं मशीन तासाला 1200 किलो संत्री घेतं, रस काढणारं 900 आणि पाश्चरायझर, म्हणजे रस तापवून जंतू मारणारं यंत्र, 600 किलोंचाच रस झेपवतो. लाइनची क्षमता 600च. धुण्याचं मशीन आणखी मोठं घेतलंस तर रस काढणाऱ्या मशीनपुढे संत्र्यांचा ढीग तेवढा वाढेल.

हे 600सुद्धा दिवसभर मिळत नाहीत. आठ तासांचे 4800 किलो झाले कागदावर. पाइपांची धुलाई, पॅक बदलणं, मशीनचं अधूनमधून बंद पडणं यांत दीड तास गेला की उरतात 3900. काटोलच्या शेतकऱ्याला गाडी सांगताना हाच आकडा धर. आंबिया बहाराचा माल उतरू लागला की फळ तुझ्यासाठी थांबत नाही, आणि सडलं तर नुकसान त्याचंही होतं.

गेटवरचा वजनकाटा विसरू नकोस. ती सेवा आहे, साठवून ठेवता येत नाही. गाड्या कधीही येत असतील, तर काटा 80 टक्क्यांवरून 90 टक्के व्यस्त होताच रांगेतली सरासरी वाट दुपटीहून जास्त वाढते. ‘काट्यावरचा माणूस रिकामा का बसलाय?’ असं साहेबांनी विचारलं, तर हे गणित त्यांच्यापुढे ठेव. सकाळच्या गर्दीसाठी आधी गाड्यांना वेळा वाटून दे. दुसऱ्या काट्याचा खर्च त्यानंतर माग.