दोघांचा खटला, तिसऱ्याला दाखला

(मागच्या अंकात पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांच्या हेगमधल्या खटल्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर एवढी पत्रं आली की या वेळी भाडेकरार आणि वारसाहक्क बाजूला ठेवतो. त्यांतली तीन पत्रं घेतली आहेत.)

प्रश्न : काका, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीतलं, ५९वं कलम म्हणतं की निकाल त्या दोन पक्षकारांवर आणि त्या खटल्यापुरताच बंधनकारक. तरी वर्गात सगळे म्हणतात, हे न्यायालय कायदा घडवतं. दोन्ही खरं कसं?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : कलम तू बरोबर वाचलं आहेस. आता ३८वंही वाच. निवाडे हे तिथं नियम ओळखायचं दुय्यम साधन आहेत, त्याहून जास्त काही नाही. कागदावर बघितलं तर या न्यायालयाला कायदा करण्याचा अधिकारच नाही. पण माझी हयात बडोद्याच्या दिवाणी कोर्टात गेली, आणि दाखला न देता उभा राहिलेला वकील मी तरी पाहिला नाही. हेगचे वकीलही वकीलच.

जाधवांचंच बघ, पण सुरुवात दुसऱ्याच एका खटल्यापासून. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात दोन जर्मन भावांनी, कार्ल आणि वॉल्टर लाग्रांड यांनी, बँकेवर दरोडा घातला. मॅनेजरचा खून झाला, दोघांना फाशीची शिक्षा झाली. परदेशी आरोपीला ‘तुला तुझ्या वकिलातीशी बोलता येतं’ हे सांगावं लागतं, असं १९६३च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम आहे. या दोघांना ते कोणी सांगितलंच नाही. कार्लची शिक्षा फेब्रुवारी १९९९ मध्ये अमलात आली. वॉल्टरसाठी जर्मनी २ मार्चला हेगला धावली, ३ मार्चला न्यायालयानं शिक्षा थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि त्याच दिवशी ॲरिझोनानं वॉल्टरलाही मारलं. वर्षभर आधी पॅराग्वेच्या एका नागरिकाच्या बाबतीतही हेच झालं होतं.

जर्मनीनं खटला मागे घेतला नाही. माणूस गेल्यावर खटला चालवून काय मिळवायचं, असं आपल्याकडे कोणीही म्हटलं असतं. मिळालं ते असं : हेगचा अंतरिम आदेश बंधनकारक की नुसती सूचना, याबद्दल अनेक दशकं पंडितांत वाद होता. २७ जून २००१ च्या निकालात न्यायालयानं तो मिटवला. आदेश बंधनकारक आहे. शिवाय ३६व्या कलमाचा हक्क नुसता सरकारचा नाही, त्या माणसाचाही आहे. पुढे मेक्सिकोनं अमेरिकेत शिक्षा झालेल्या आपल्या ५० हून जास्त नागरिकांसाठी हाच रस्ता धरला आणि २००४ मध्ये ‘शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा’ हा उपाय पक्का करून घेतला.

आता २०१७. भारतानं ८ मेला अर्ज केला आणि १८ मेला अंतरिम आदेश आला, की अंतिम निकालापर्यंत जाधवांना फाशी होता कामा नये. पाकिस्तानला ‘ही तर सूचना’ म्हणायची सोय उरली नव्हती, कारण ती पळवाट जर्मनीनं सोळा वर्षांपूर्वी बुजवली होती. १७ जुलै २०१९ चा १५ विरुद्ध १ असा निकाल वाच. त्यातला फेरविचाराचा आदेश मेक्सिकोच्या खटल्यातून आलेला दिसेल. जर्मनी, मेक्सिको, भारत. ५९व्या कलमानुसार यातला एकही निकाल दुसऱ्याला लागू नाही.

न्यायालय स्वतः आधीच्या निकालाला बांधलेलं नाही, पण त्याची वृत्ती अशी की आधीची कारणमीमांसा सोडायला सबळ कारण दाखवा. ते दाखवणं जड जातं. एक मात्र लक्षात ठेव, भावनेच्या भरात मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजच्या सरावाच्या खटल्यात, चुकीचं बोलू नकोस : जाधवांची शिक्षा रद्द करा, त्यांना सोडा, ही भारताची मागणी न्यायालयानं फेटाळली होती.

प्रश्न : आमचे आजोबा सांगत की पेशव्यांच्या सनदेवरून हेगच्या कोर्टात वाद झाला होता. घरात कोणी विश्वास ठेवत नाही. यात काही तथ्य आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, रावपुरा

उत्तर : आजोबांचं शंभर टक्के खरं आहे. घरातल्यांना हे वाचून दाखवा.

दादरा आणि नगर हवेली, म्हणजे आपल्या वापीच्या पलीकडचा मुलूख. १७७९ च्या तहानं पेशव्यांनी पोर्तुगीजांना दमणच्या बाजूची १२,००० रुपये वसुलाची गावं द्यायचं कबूल केलं, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती दिली. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हा भाग मुक्त केला. त्यांत सुधीर फडकेही होते हे आपल्या पिढीला माहीत आहे, नव्यांना सांगावं लागतं. भारतानं दमणहून आत जायची वाट पोर्तुगीजांना बंद केली होती. पोर्तुगाल हेगला गेला : आमचा जाण्यायेण्याचा हक्क आहे.

आपल्या बाजूनं मोतीलाल सेटलवाड उभे होते, आणि त्या खटल्यापुरते भारतानं नेमलेले न्यायाधीश होते महंमद करीम छागला. सनदांचा कीस पडला. न्यायालयानं मान्य केलं की पेशव्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क. राज्य दिलेलं नव्हतं. पण पुढे इंग्रज आले, त्यांनी तिथं पोर्तुगीजांचा पूर्ण अंमल चाललेला पाहिला आणि चालू दिला. त्यामुळे त्यांचं सार्वभौमत्व मानलं गेलं. मराठी माणूस म्हणून मला पहिला भाग गोड लागतो, वकील म्हणून दुसरा नाकारता येत नाही.

खरा कायदेशीर मुद्दा वाटेचा. भारत म्हणत होता, रूढीचा कायदा व्हायला पुष्कळ देश लागतात, दोघांत कसली आलीय रूढी? पोळात, म्हणजे जुन्या दाटीच्या गल्लीत, राहणाऱ्याला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. शेजाऱ्याच्या चौकातून तीन पिढ्या ये-जा असली की वहिवाट होतेच, बाकीची गल्ली तिथून जात होती का हे कोणी विचारत नाही. १२ एप्रिल १९६० ला न्यायालयानं तेच म्हटलं : सव्वाशे वर्षांहून जास्त काळ खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल जात होता, तेव्हा दोघांपुरतीही रूढी होते. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं मात्र दर वेळी परवानगीनंच जात होती, म्हणून त्यांचा हक्क नाही. आणि १९५४ च्या तणावात वाट बंद करून भारतानं बेकायदा काही केलं नाही. सैन्याच्या मुद्द्यावर मतं पडली ८ विरुद्ध ७, म्हणजे थोडक्यात वाचलो.

निकाल आपल्या बाजूनं, पण नियम पोर्तुगालनं मागितलेला! तो नियम आता जगाचा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं २०१८ मध्ये रूढी कशी ओळखायची याचे निष्कर्ष काढले, त्यांत थोड्याच देशांमधल्या रूढीला स्वतंत्र जागा आहे.

याच खटल्याची आणखी एक गंमत आहे, ती आजोबांना बहुधा माहीत नसेल. पोर्तुगालनं न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केल्याचं पत्र १९ डिसेंबर १९५५ ला दिलं आणि तिसऱ्याच दिवशी, २२ तारखेला, दावा ठोकला. भारताला पत्राचा पत्ताही नव्हता. आपण रीतसर हरकत घेतली. १९५७ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली : पत्र दिलं की झालं. आपलं सरकार यातून शिकलं. अधिकारक्षेत्र मान्य करणाऱ्या भारताच्या १९७४ च्या घोषणेत स्पष्ट अट होती, की समोरच्यानं मान्यता देऊन बारा महिने झाले नसतील तर त्याचा दावा आम्हाला लागू नाही. नायजेरियानं अशी अट घातली नव्हती. १९९४ मध्ये कॅमेरूननं मार्चच्या सुरुवातीला मान्यता दिली आणि महिना संपायच्या आत नायजेरियावर दावा केला. नायजेरियानं भारताचीच हरकत पुन्हा घेतली. १९९८ मध्ये न्यायालयानं दादऱ्याच्या खटल्याचाच दाखला देऊन तिला गप्प केलं.

प्रश्न : म्हणजे हेगला बसलेले पंधरा जण जगासाठी कायदा ठरवणार आणि आपण मान डोलावायची? त्यांना मत कोणी दिलं?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : मत दिलं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं आणि सुरक्षा परिषदेनं, नऊ वर्षांसाठी. पण तुमचा राग समजतो. मान डोलावायची सक्ती मात्र नाही. वरची बारा महिन्यांची अट बघा. मेक्सिकोच्या निकालानंतर अमेरिका तर २००५ मध्ये, वकिलातीबाबतचे वाद हेगला नेऊ देणाऱ्या करारातूनच बाहेर पडली.

न्यायालयानं केलेला नियम देश मिळून मोडूही शकतात. ऑगस्ट १९२६ मध्ये ‘लोटस’ या फ्रेंच बोटीची खुल्या समुद्रात तुर्की बोटीशी टक्कर झाली, आठ तुर्क बुडाले. तुर्कस्ताननं फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. हेगच्या आजच्या न्यायालयाच्या आधीच्या स्थायी न्यायालयात १९२७ मध्ये मतं समसमान पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं तुर्कस्तान बरोबर ठरलं. जहाजवाल्यांना हे मानवणारं नव्हतं. १९५२ चा करार, मग १९५८ चा, मग १९८२ च्या सागरी कायद्याचं ९७वं कलम, असं करत देशांनी तो नियम उलटवला. आता टकरीबद्दल खटला भरायचा तो बोटीच्या ध्वजाच्या देशानं, किंवा त्या खलाशाच्या स्वतःच्या देशानं.

त्याच ९७व्या कलमाची ढाल इटलीनं आपल्यापुढे धरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘एनरिका लेक्सी’वरच्या इटालियन नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमारांना गोळ्या घातल्या होत्या. टकरीसाठी लिहिलेलं कलम गोळीबाराला लागू नाही, असं २०२० मध्ये हेगच्या लवादानं ठरवलं. मात्र नौसैनिक सरकारी कामावर होते, म्हणून त्यांच्यावर भारतात खटला चालणार नाही, आणि भारताला भरपाई मिळेल, असंही सांगितलं. पहिला भाग मला पटतो. दुसरा अजिबात पटत नाही, आणि तो कसा उलटवायचा याचे वाद आपल्या वकिलांनी आतापासून तयार ठेवायला हवेत.