आधी राऊटर बंद कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा एवढा मोठा मेसेज वाचला. गॅसगळती कळवणाऱ्या तुमच्या कॉलेज प्रोजेक्टच्या टीममधली पोरं ऍपच्या नव्या स्क्रीनवर बसलीत, गाईड म्हणतात फीचर वाढवा म्हणजे मार्क पडतील, आणि तू एकटी गॅस सेन्सरच्या वायरी धरून बसलीयस. आता मीही ऍपच शिकू का, असं विचारतेस. शीक की, कोण नको म्हणतंय? पण त्याआधी राऊटरची पिन काढ आणि तुमचं यंत्र काय करतंय ते बघ.

तू पाठवलेल्या व्हिडिओत मला दिसलंच ते. सेन्सरकडून छोट्या कंट्रोलर बोर्डाला, बोर्डाकडून राऊटरला, तिथून कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरला, आणि परत त्याच स्वयंपाकघरात ठेवलेल्या मोबाईलला! बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात गॅस गळतोय हे त्याच घराला कळायला एवढी वारी कशाला? वायफाय गेलं की ऍपवर जुनाच आकडा, हिरव्या रंगात ‘सर्व ठीक’. त्यापेक्षा कोरा स्क्रीन परवडला. निदान माणूस उठून बघेल तरी.

भोंगा थेट बोर्डाला जोड. निर्णय बोर्डानं घ्यायचा, मोबाईलनं नुसतं कळवायचं. ऍपमधली अक्षरं मराठीत का कन्नडमध्ये यावर भांडलात म्हणे. भोंगा आजीलाही कळतो आणि वर भाड्यानं राहणाऱ्या धारवाडच्या लोकांनाही.

आता करंट. जुलैत पाऊस लागला की आपल्याकडं करंट कसा जातो ते मी तुला सांगायला नको. तुमच्या एमक्यू-6 गॅस सेन्सरच्या आत हीटर असतो, तो एकटाच पाऊण वॉटच्या आसपास खातो. 2,600 एमएएचचा एक लिथियम सेल म्हणजे साडेनऊ वॉट-तास. बोर्डाचं वायफाय चालू ठेवलंस तर रात्रसुद्धा निघायची नाही. करंट गेल्यावर वायफाय झोपव, भोंगा जागा ठेव. नवा सेन्सर चोवीस तासांहून जास्त तापवल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबायचं नसतं, हे सेन्सरच्या माहितीपत्रकात, डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं. तुमच्यातल्या किती जणांनी ती उघडली?

आणि तुमचं एमक्यूटीटी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना निरोप धाडायची पद्धत. 1999 मध्ये ते तेलाच्या पाइपलाइनींसाठी केलं, उपग्रहावरून, जिथं लाइन महाग आणि बेभरवशाची. म्हणून उपकरण अचानक गप्प झालं तर बाकीच्यांना तसं कळवायची सोय त्यात आहे. तुमच्या पोरांनी ती वापरलेलीच नाही! वापरा. ऍपवर प्रत्येक आकड्याखाली तो किती वाजताचा तेही दाखवा.

मी उद्यमबागेत मोटारी चालवायची इलेक्ट्रिक पॅनल बांधण्यात आयुष्य घालवलं. फाउंड्रीतलं असो की खानापूरकडच्या विहिरीवरचं, माझ्या पॅनलला हातानं चालवायचा स्विच असायचाच. एका कारखान्याच्या मालकानं सांगितलं, सगळं ऑटोमॅटिक असताना हा जुनाट स्विच कशाला, तेवढे पैसे कमी करा. मी ऐकलं नाही, ऑर्डर गेली. भागीदार वैतागून पुण्याला गेला, आज चाकणला त्याचा स्वतःचा कारखाना आहे, आणि आमच्या घरात ते अजून ऐकवलं जातं. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? पण ऑटो बिघडलं म्हणून कुणा शेतकऱ्याला उसाला पाणी द्यायला माझ्या फोनची वाट बघावी लागली नाही. त्या मालकाला हे कळायला नको होतं का? जाऊ दे. विषय तुझा चाललाय.

टीम सोडू नकोस. भांडायचं तर आत राहून भांड. व्हायवात ‘ऍपमध्ये नवीन काय’ असं विचारलं, तर राऊटर परीक्षकांनाच बंद करायला सांग आणि सिगारेट पेटवायच्या लायटरचा नुसता गॅस सेन्सरजवळ सोड. न पेटवता, खिडक्या उघड्या ठेवून. सिलिंडर आणण्याचा शहाणपणा करू नका.

तुझा काका

ता. क. डबा तुम्ही मांडणीच्या वर ठोकलाय. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो फरशीवर साठतो. जमिनीपासून वीतभर वर लाव. आणि गॅस कळला की रिलेनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचनं, एक्झॉस्ट फॅन चालू करायची कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला माझ्याकडं पाठव. रिलेत ठिणगी पडते! हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस झाला की तेवढी पुरते. तो रिले बोर्डावरून आजच काढ.