८०ई नं उडवलेली झोप

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पोरं कमी आणि आईबाप जास्त येतात, आणि कोर्स कुठला घ्यायचा ते राहतं बाजूला, बोलणं सगळं पैशाचं. त्यात एक प्रश्न हमखास असतो, एज्युकेशन लोनच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते म्हणे, ते ८०ई कलम, आम्ही घेतलीच नाही, नुकसान झालं की काय?

खानापूर तालुक्यातले सरकारी हायस्कूलचे एक सर असेच आले. शहापुरातल्या कापड दुकानाची पिशवी, त्यात सगळे कागद, आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट चार घड्या घालून शर्टाच्या खिशात वेगळं ठेवलेलं. ६०,००० च्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल. पोरगी बेळगावात इंजिनिअरिंगला, लोन दोघांच्या नावावर, व्याज पहिल्या वर्षापासून सरच भरतात. "मी भरूलालोय की, मग सूट मला नको काय?" टॅक्स मोजायच्या जुनी आणि नवीन अशा दोन पद्धती, आणि शाळेत डिक्लेरेशन देताना त्यांनी नवीन टिक केली होती आणि स्टाफरूममधला एकजण म्हणाला, खुळा काय तू, ८०ई घालवलीस, मी तर जुन्यातच राहिलोय. तेव्हापासून सरांना झोप नाही.

मी त्यांना आधी चहा दिला, मग कॅल्क्युलेटर. (घाबरलेल्या माणसाला कलमं सांगून काही उपयोग नसतो, आकडे त्याच्या बोटानं दाबायला लावायचे.)

८०ई मध्ये व्याज तेवढं धरतात, मुद्दल नाही. व्याजाला वरची मर्यादा नाही हे खरं, पण मुदत आहे, व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष धरून जास्तीत जास्त आठ वर्षं. आणि हॉस्टेलसाठी त्यांनी गावच्या सोसायटीतून दीड लाख उचललेत त्याचं व्याज यात बसतच नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. कॉलेजच्या ट्यूशन फीची सूट ८०सी या दुसऱ्या कलमात येते, पण तिथली दीड लाखाची जागा त्यांच्या केजीआयडी (कर्नाटक सरकारचा विमा), पीएफ आणि एलआयसीनं आधीच भरलेली. म्हणजे उरलं काय, तर हे साठ हजार. आणि साठ हजार उत्पन्नातून वजा होतात, हातात परत मिळत नाहीत, इथं बरेचजण फसतात.

सरांचा पगार वर्षाला ११ लाख, हिशोब २०२५-२६ चा. जुन्या पद्धतीत ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराची सरसकट वजावट), दीड लाख ८०सी, साठ हजार ८०ई, सगळं वजा जाऊन राहिले ८ लाख ४० हजार. टॅक्स सेससकट ८३,७२०. सरांनी दोनदा दाबून बघितलं. मग नवीन पद्धत, तिथं ८०सी नाही, ८०ई नाही, स्टँडर्ड डिडक्शनचे ७५,००० वजा आणि उरले १० लाख २५ हजार. आता टॅक्स किती, मी विचारलं. ते स्लॅब शोधूलाले. मी म्हटलं शून्य, १२ लाखापर्यंत रिबेट आहे, म्हणजे टॅक्स माफ, पगारदाराला म्हणजे पावणेतेरा लाखापर्यंत काही नाही.

सर गप्प. मग म्हणाले, "म्हणजे सूट न घेता मी वाचलो?"

होय की. सगळ्यांचं असंच निघेल असं नाही हां, पगार जास्त, घराचं लोन, भाड्याचं घर असलं तर दोन्हीकडून मांडूनच बघायचं, पण नुसत्या ८०ई साठी जुन्यात उडी मारायची नाही. व्याज शिक्षण चालू असताना भरत राहा म्हटलं, ते टॅक्ससाठी नाही, पुढं पोरीच्या हप्त्यात ते चढून बसू नये म्हणून.

जाताना सर्टिफिकेटची घडी त्यांनी पिशवीत टाकली, खिशात नाही. आणि दाराशी थांबून विचारलं, जुन्यात टिक केलेल्याला रिटर्न भरताना नवीनमध्ये येता येतं काय? पगारदाराला येतं म्हटलं.

पुढच्या सोमवारी स्टाफरूममधले ते गृहस्थ येऊन बसलेत, पगार साधारण तेवढाच.