गाडी आठ फुटी, बेसमेंट सात फुटी

प्रश्न: आम्ही जुनी फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन तिचा कॅम्पर (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) करून घेतलाय, टपावर सोलर पॅनल आणि एक्झॉस्ट फॅन. गावाकडे फिरायला काही अडचण नाही, पण आता आईला तपासणीसाठी मुंबईला न्यायचंय आणि तिथे हॉस्पिटल म्हणू नका, मॉल म्हणू नका, सगळं पार्किंग बेसमेंटमध्ये. बोर्डावर 2.4 मीटर असेल तर गाडी आत घालावी का? फिटर म्हणतो साधारण तेवढीच उंची आहे. – वाचक, नाशिक

उत्तर: नका घालू. ट्रॅव्हलरचं नुसतं छप्परच मॉडेलप्रमाणे अडीच मीटरच्या आगेमागे जातं, त्यावर तुमचा पंखा, म्हणजे फिटरचं "साधारण" इथे चालायचं नाही. आधी सपाट जागी गाडी उभी करा, टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर एक सरळ पट्टी आडवी धरा आणि तिच्या दोन्ही टोकांपासून जमिनीपर्यंत टेप लावा. जो आकडा येईल तो मीटर आणि फूट दोन्हीत लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा, कारण बोर्ड कुठे मीटरमध्ये असतो, कुठे फुटात, आणि मागे हॉर्न वाजत असताना 2.1 मीटर म्हणजे सात फुटाला थोडं कमी हे कुणाला सुचत नाही.

मुंबईत तुमच्यासाठी मार्ग एकच, निघायच्या आधी हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला फोन करून अँब्युलन्स आणि मालाचे टेम्पो कुठे लागतात ते विचारा, कारण त्या गाड्यांची उंचीही तुमच्यासारखीच, आणि त्यांना कुठेतरी उघड्यावर जागा दिलेलीच असते. आईंना गेटवर उतरवून गाडी उघड्या पे अँड पार्कला लावणं सगळ्यात बरं. वॉचमन कधीकधी "इकडे लावा साहेब" म्हणून बिल्डिंगच्या कडेची मोकळी पट्टी दाखवतो, ती बहुतेक वेळा फायर इंजिनसाठी सोडलेली असते, तिथे मात्र लावू नका, त्याने कितीही प्रेमाने सांगितलं तरी.

प्रश्न: मारुतीची ईको व्हॅन आहे, वर कॅरिअर आणि घडीचा टेंट. मोजली तर 2.05 मीटर भरते. सोसायटीच्या बेसमेंटच्या गेटवर 2.1 लिहिलंय. बसेल ना? – वाचक, ठाणे

उत्तर: गेटमधून जाईल, पुढचं सांगता येत नाही. गेटवरचा आकडा सगळ्या बेसमेंटला लागू असेलच असं नाही, नंतर कुणीतरी एसीचा डक्ट टाकतं, केबलचा ट्रे लटकवतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आग विझवायच्या स्प्रिंकलरचा पाइप, तो फुटला की तुमचा टेंट राहिला बाजूला, खालच्या सगळ्या गाड्यांना आंघोळ.

दुसरी गोष्ट रॅम्पची, इथेच जास्त जण अडकतात. रॅम्प संपतो तिथे पुढची चाकं सपाटीवर आणि मागची अजून उतारावर असतात, त्या कोपऱ्यावर गाडीचा मधला भाग जमिनीपासून वर उचलला जातो, आणि बरोबर त्याच्याच डोक्यावर बीम असला की झालं. 1 ला 8 असा उतार (आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली) धरला तर ईकोच्या 2.35 मीटर व्हीलबेसला (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) हे साधारण 7 सेंटीमीटर होतं, तुमच्याकडे शिल्लक 5. (वरची ट्रॅव्हलर 3.35 मीटर व्हीलबेसची असेल तर तिला हेच साडेदहाच्या घरात जाईल.) म्हणून आधी टेप घेऊन चालत खाली जा, रॅम्पच्या पायथ्यापासून तुमच्या जागेपर्यंत प्रत्येक बीम आणि पाइप मोजा, मगच गाडी आणा, तीही कुणाला तरी बाहेर उभं करून टपाकडे बघायला लावून. त्याने फोन खिशात ठेवावा ही विनंती.

आणि हो, आत जाताना गाडीत पाच माणसं, सामान, पाण्याचे कॅन, म्हणजे स्प्रिंगा दबलेल्या. सामान काढून रिकामी बाहेर आणलीत तर ती वर उठते, आत जाताना न लागलेला पाइप येताना लागतो. माझं मत विचाराल तर टेंट चार बोल्टचाच असेल, घरी असताना काढून ठेवा, नुसती ईको साधारण 1.8 मीटर, मग प्रश्नच मिटला. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवायच्या यंत्राच्या) पॅलेटवर मात्र टेंट काढूनही विचारल्याशिवाय चढवू नका, त्यातले बरेचसे बुटक्या सेडानच्या मापाचे असतात.

दोघांसाठीही एक, गाडीत स्वयंपाकाचा सिलिंडर असेल तर बेसमेंटमध्ये न्यायच्या आधी तो उतरवाच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो आणि तळघरात त्याला बाहेर जायला वाट नसते.