आयेल्ट्स स्पीकिंग: सायकलवरचे प्रश्न

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी असते, तिच्या पहिल्या भागात सायकलचा विषय निघाला तर पाठ केलेला निबंध सुरू करू नकोस. 'आरोग्याला चांगली, प्रदूषण नाही' हे परीक्षक दिवसभर ऐकत असतात. प्रश्न तुझ्याबद्दल असतो, उत्तरही तुझंच हवं.

लहानपणी सायकल चालवायचास का, असं विचारलं की नुसतं 'येस' म्हणून थांबू नकोस. वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकलास ना? मग तेच सांग: 'आय कुडन्ट रीच द सीट, सो आय पुट वन लेग थ्रू द फ्रेम.' वाक्य साधं आहे, पण चित्र उभं राहतं. फक्त भूतकाळ सांभाळ. आठवण सांगताना आपण मध्येच वर्तमानकाळात घसरतो आणि व्याकरणाचे गुण तिथेच जातात.

दोन-तीन वाक्यं पुरे, हा भाग 4-5 मिनिटांचाच असतो. शहरांत सायकली का कमी झाल्या वगैरे मोठे मुद्दे तिसऱ्या भागासाठी राख. तिथे पुण्याचं उदाहरण बिनधास्त दे: एकेकाळी सायकलींचं शहर, आता स्कूटर-मोटारसायकलींचं. उच्चार मराठी वळणाचा असला तरी चालतो, समोरच्याला सहज कळला पाहिजे. रोज एक उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकत जा.