ओपनक्यूएचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या टेस्ट आपोआप घेणाऱ्या साधनाचा) सर्व्हर दर वेळी हाताने उभा करावा लागतो. शेल स्क्रिप्ट लिहू की अँसिबल (मशीन उभारायची कामं आपोआप करणारं साधन) वापरू?

नुसतं वापरून बघायचं असेल तर दोन्हींच्या भानगडीत पडू नका. ओपनक्यूएसोबत बूटस्ट्रॅप नावाची तयार स्क्रिप्ट येते. ती डेटाबेस, वेब सर्व्हर आणि वर्कर (प्रत्यक्ष टेस्ट चालवणारा प्रोग्राम) एकाच मशीनवर उभे करून देते. पण समजा, तुमच्याकडे सर्व्हर एक, वर्कर वेगवेगळ्या मशीनवर आणि त्यांत सतत भर. मग अँसिबलच घ्या.

पॅकेजेस टाकणं सोपंच आहे. गाडी अडते ती एपीआय कीपाशी (प्रोग्रामची ओळख पटवणाऱ्या किल्लीपाशी). वर्करला सर्व्हरशी बोलायला की आणि सिक्रेट लागतं. एरवी ते ब्राउझरमधून लॉगिन करून बनवतात, आणि पहिलं लॉगिन करणारा ॲडमिन होतो. म्हणजे मध्ये माणूस आला की ऑटोमेशन संपलं! यावर उतारा असा: ओपनक्यूएच्या स्क्रिप्ट फोल्डरमध्ये 'क्रिएट ॲडमिन' नावाची छोटी स्क्रिप्ट असते, तिला की आणि सिक्रेट आपल्याला बाहेरून देता येतं. दोन्ही हेक्स आकडे आधीच तयार करून अँसिबल व्हॉल्टमध्ये (गुपितं कुलूपबंद ठेवायच्या सोयीत) ठेवा. सर्व्हरवर ही स्क्रिप्ट चालवा आणि तीच जोडी टेम्प्लेटमधून प्रत्येक वर्करच्या क्लायंट कॉन्फिग फाइलमध्ये उतरवा. त्या फाइलची मालकी नीट बघा. फाइल रूटच्या नावावर आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) राहिली, तर वर्करच्या युजरला ती वाचताच येत नाही. मग वर्कर सर्व्हरच्या यादीत उगवत नाही आणि आपण उगाच फायरवॉल तपासत बसतो.

प्लेबुकच्या (अँसिबलला दिलेल्या कामांच्या यादीच्या) सुरुवातीलाच केव्हीएम (हार्डवेअरच्या मदतीने व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्समधली सोय) आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबवा. वर्कर स्वतःच व्हर्च्युअल मशीनमध्ये असेल, तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन (व्हर्च्युअल मशीनच्या आत आणखी व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) चालू हवं. ते नसलं की क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) सगळं सॉफ्टवेअरमधून रेटतं, इन्स्टॉलर रांगतो, टेस्ट टाइमआउट होतात आणि आळ येतो बिचाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर.

टेस्ट आणि नीडल्स (स्क्रीनशॉट जुळवायच्या प्रतिमा) प्लेबुकमध्ये कोंबू नका, गिटमधून क्लोन करा. त्या रोज बदलतात, सर्व्हर नाही.

प्लेबुक लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी 'चेंज्ड' (बदल केलेल्या कामांचा आकडा) शून्य यायला हवं. कमांड मॉड्यूलची कामं मात्र दर वेळी बदल झाल्याचंच सांगतात, म्हणून 'क्रिएट ॲडमिन'च्या टास्कला 'क्रिएट्स' (अमुक फाइल असेल तर हे काम वगळ, अशी अट) लावून एखादी खुणेची फाइल ठेवा. आणि खरी परीक्षा कोऱ्या मशीनवर घ्या, कारण जुन्या सर्व्हरवर कधीतरी हाताने केलेली दुरुस्ती प्लेबुकमधली भोकं झाकते.